टॉवेलात गुंडाळून

केप्याहून ज्योकिम रेबेलो आला तो भर दुपारी,
शटर अर्धं ओढलेलं, बाबा आडवे झालेले.
स्कूटरच्या डिकीतून त्यानं काढला पिवळा टॉवेल,
नुकतंच न्हाणलेलं मूल धरावं तसा दोन्ही हातांत,
आणि लेथवर ठेवून म्हणाला,
"रोहिदास, याचा घोडा मध्येच अडकतो. बघ जरा."

खाणी बंद झाल्यापासून कुडचड्यातल्या आमच्या वर्कशॉपात
काहीही येतं. विळ्या, पाळण्याच्या कड्या,
एकदा तर चर्चच्या घंटेची जीभ.
हे आलं नव्हतं.

"कितीला घेतलंस?"
"अठरा हजार. खरं घ्यायचं तर लाखाच्या वर,
शिवाय परवाना, साहेबाच्या दारात चपला झिजवा,
आणि निवडणूक आली की पोलिसांकडे नेऊन ठेवा.
म्हणजे चोरांनी मतदान संपेपर्यंत थांबायचं?
पलीकडच्या वाड्यावर शिरले, ठाऊक आहे ना,
म्हाताऱ्याला खुर्चीला बांधलं, तोंडात त्याचाच मोजा.
बत्तीस वर्षं तारवावर काढली मी.
हातात काहीतरी हवं."

बाबांनी चष्मा लावला, मग व्हर्नियर.
नळीच्या तोंडाशी एक माप, मागे दुसरं,
दोघांचं आपसात बोलणं नव्हतं.
"पात्रांव, ही नळी कुठल्यातरी टेम्पोच्या स्टिअरिंगची.
स्प्रिंग छत्रीची असावी.
निम्मा बार चोराकडे जाईल, निम्मा तुझ्या तोंडावर.
ऐन वेळी हे कुणाची बाजू घेईल
ते मला सांगता यायचं नाही."

"नीट करून दे म्हणूनच आणलं."
"नीट केलं तर जास्त वाईट."

ठेवतोस कुठे?
उशीखाली.
घरात कोण असतं?
ज्योकिमनं टॉवेलाचा एक कोपरा दुमडला, उलगडला.
आर्मिंदा.

आर्मिंदाबाय, जिला आता वार आठवत नाहीत,
मुलं लिस्बनला आहेत की शाळेत, तेही नाही.
रात्री दोनला उठते,
केस विंचरते, चपला घालते,
बोट मुरगावला लागलीय, ज्योकिम येईल म्हणत
दार उघडायला निघते.
ज्योकिम तर मागे पलंगावर.

मी वहीत उधारी मांडत होते.
पेन चालूच राहिलं,
काय लिहिलं ते नंतर खोडावं लागलं.
त्या घरात काळोखात कडी वाजली
तर ती बाहेरून वाजत नाही,
हे आम्हा तिघांना एकदमच कळलं असणार,
कारण कुणी कुणाकडे बघेना.

संध्याकाळचा पोदेर भोंगा वाजवत आला
तेव्हा कुठे तो उठला.
सहा पाव घेतले, दोन आमच्या टेबलावर ठेवले.
टॉवेल न्यायला विसरला.
किंवा विसरला नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी त्याला पितळी कडी करून दिली,
जाड, आणि तिला आतून एक घुंगरू.
दीडशे रुपये झाले, शंभरच घेतले.
ते वाजलं की म्हणे ज्योकिम उठतो,
मागच्या दारानं, अंगणाला वळसा घालून
पुढच्या पायऱ्यांवर येतो आणि टकटक करतो.
ती उघडते.
काळवंडलास रे, म्हणते, जेवला नाहीस वाटतं.
कधी कधी दोनदा येतो तो, एकाच रात्री.

आणि ते आमच्याकडे आहे.
नटबोल्टांच्या डब्यात, तळाशी, टॉवेलासकट.
बाबा रोज म्हणतात, उद्या करवतीनं तुकडे करतो.
पातं बोथट झालंय, नवं आणायचंय,
शनिवारी मडगावला जाईन तेव्हा.
आई म्हणते, बघा, आता आपल्याकडेही
चोरण्यासारखं काहीतरी आहे.

बाबा हसत नाहीत.
रात्री तीनदा उठतात,
कुलूप ओढून बघतात.
याआधी आम्ही नुसतीच कडी लावत असू,
आणि तीही मांजरासाठी.